गाडीत गाणं नेमकं कुठं बिघडतं?

२०१४ च्या मार्च महिन्यात नील यंग या कॅनेडियन गायकाने ‘पोनो’ नावाच्या म्युझिक प्लेअरसाठी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली आणि ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. एमपी३ने संगीताचा जीव घेतला आहे, स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं तसंच्या तसं गाणं ऐकायचं असेल तर हा त्रिकोणी डबा घ्या, असा त्याचा प्रचार होता. प्रचाराच्या व्हिडिओत मोठमोठे गायक-वादक पोनो ऐकून थक्क झालेले दिसतात. गंमत अशी, की त्यांना तो ऐकवला होता नील यंगच्या मोटारीत बसवून. पुढे डेव्हिड पोग या अमेरिकी पत्रकाराने, कोणतं यंत्र वाजतंय हे ऐकणाऱ्यांना कळू न देता, पोनो आणि आयफोन यांची तुलना करून पाहिली. तेव्हा पोनोला काही बाजी मारता आली नाही. २०१७ मध्ये तो सगळा कारभार गुंडाळला गेला. पोनो गेला, पण गाडीत नवी टचस्क्रीन बसवून घेणाऱ्या प्रत्येकाला तो प्रश्न अजून पडतोच: पेनड्राइव्हमध्ये गाणी एमपी३ भरायची की फ्लॅक? ३२० किलोबिट पुरे, की ‘हाय-रेझ’, म्हणजे सीडीहूनही वरच्या दर्जाचं, हवं?

या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येतं आणि ते शेवटी दिलंही आहे. अडचण वेगळीच आहे. हा प्रश्न विचारण्यात आणि त्यावर हिरिरीने वाद घालण्यात जेवढी शक्ती खर्च होते, तिच्या मानाने आवाजात पडणारा फरक फार थोडा असतो. चांगल्या प्रतीवरून, पुरेशा बिटरेटने (म्हणजे सेकंदाला पुरेसे बिट राखून) केलेली फाइल ही गाडीतल्या संगीताची सगळ्यात निर्धोक बाजू आहे. गाणं बिघडतं ते तिच्या आधी किंवा तिच्या नंतर. आधी म्हणजे ती फाइल कशावरून तयार झाली तिथं. नंतर म्हणजे फोनपासून स्टीरिओपर्यंतच्या वाटेवर, दारातल्या स्पीकरमध्ये आणि टायरच्या घरघरीत. फॉरमॅटच्या नावाला भुलून या दोन्ही टोकांकडे दुर्लक्ष होतं, आणि मग महागडी फाइल वाजवूनही गाणं सपकच लागतं.

फॉरमॅट करतो काय, ते आधी पाहू. सीडीवर आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं नोंदवलेली असतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १,४११ किलोबिट निघतात. फ्लॅक किंवा अ‍ॅपलचं अलॅक हे फॉरमॅट एवढी माहिती घडी घालून साधारण निम्म्या-पाऊण जागेत बसवतात आणि वाजवताना ती जशीच्या तशी उलगडतात. एक बिटही इकडचा तिकडे होत नाही. एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस, ओपस ही मंडळी मात्र काही माहिती कायमची टाकून देतात. काय टाकायचं हे ती माणसाच्या कानाच्या मर्यादेवरून ठरवतात. एखादा जोरकस सूर लागला की त्याच्या जवळपासचे दुबळे सूर आपल्याला त्या क्षणी ऐकूच येत नाहीत. मग त्यांच्यासाठी बिट कशाला खर्च करायचे, असा हा हिशेब. जर्मनीतल्या एर्लांगन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब बसवला. सुझान व्हेगा या गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे कसल्याही साथीविना गायलेलं गाणं त्यांनी पुन्हा पुन्हा आवळून ऐकलं, कारण एकट्या गळ्यामागे चूक लपायला जागाच नसते. ज्यांना तंबोऱ्याच्या साथीवरचे संथ आलाप ऐकायची सवय आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

हा हिशेब कुठं चुकतो तेही पाहण्याजोगं आहे, कारण आपल्या संगीतात ती जागा वारंवार येते. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडून काम करतो. सीडीच्या वेगाला एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा असतो. तुकड्याच्या पूर्वार्धात शांतता आहे आणि शेवटी एकदम ‘टक्’ असा आघात आला, की आकडेमोडीतली चूक त्या आघाताच्या आधीच्या शांततेतही पसरते. म्हणजे ठोका पडायच्या आधी त्याची फुसफुस ऐकू येते. एन्कोडर हे ओळखतो आणि अशा जागी तुकडे लहान करतो, पण त्याला जास्त बिट लागतात, आणि १२८ किलोबिटच्या तुटपुंज्या शिधावाटपात ते उरत नाहीत. युरोपीय प्रसारण संघाने आवाजाच्या तपासणीसाठी जी सीडी काढली, तीत कास्टनेट या स्पॅनिश वाद्याचा तुकडा मुद्दाम घातला आहे तो याचसाठी. आपल्याकडे त्याची सख्खी बहीण म्हणजे चिपळ्या. १२८ किलोबिटमधला एखादा अभंग काढा आणि गाडी बंद ठेवून ऐका. गाणाऱ्याचा आवाज ठीक लागेल, पखवाजही बऱ्यापैकी लागेल; पण चिपळ्यांची धार बोथट झालेली असेल आणि टाळांचा झणकार पाण्यातून आल्यासारखा लहरत असेल. तोच अभंग मूळ सीडीवरून २५६ किलोबिट एएसीमध्ये किंवा ३२० एमपी३मध्ये करून घेतला, तर हा दोष हेडफोन लावूनही सापडणं बहुतेकांना कठीण जातं.

इथं जाणकार श्रोता हरकत घेईल: बहुतेकांना कठीण जात असेल, पण तयार कानाला तर फरक कळतो ना? हरकत रास्त आहे, आणि निदान ‘हाय-रेझ’ विरुद्ध सीडी या बाबतीत तिच्यावर प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांमध्ये सीडीहून वरच्या दर्जाचं संगीत कधी थेट, तर कधी सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवलं गेलं. ५५४ वेळा विचारणा झाली, बरोबर उत्तरं आली २७६. म्हणजे नाणेफेक केली असती तरी हेच झालं असतं. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली. तीत १२,५०० हून अधिक विचारणांमध्ये सरासरी ५२.३ टक्के उत्तरं बरोबर निघाली, आणि आधी सराव करून घेतलेल्या श्रोत्यांमध्ये हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. तेव्हा ‘काहीच फरक नसतो’ असं ठामपणे म्हणणारेही थोडे चुकतातच. पण हे आकडे आहेत शांत खोलीतल्या उत्तम यंत्रणांचे. खुद्द अ‍ॅपलने २०२१ मध्ये आपल्या संगीतसेवेत बिनघट (लॉसलेस) फाइली द्यायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या एएसीत आणि त्यांच्यात फरक जवळजवळ ओळखू येत नाही, असं स्वतःच लिहून ठेवलं. विकणाराच जेव्हा मालाचं इतपत कौतुक करतो, तेव्हा ग्राहकाने ते ऐकून घ्यावं.

मेयर-मोरान यांच्या लेखातली आणखी एक नोंद मला त्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. त्यांनी वापरलेल्या वरच्या दर्जाच्या बहुतेक डिस्क नेहमीच्या सीडींपेक्षा खरोखरच चांगल्या वाजत होत्या. पण त्याचं श्रेय फॉरमॅटला नव्हतं. त्या डिस्कसाठीचं काम ध्वनिमुद्रकांनी जास्त जीव ओतून केलं होतं. तेच संगीत सीडीच्या दर्जाला उतरवलं तरी चांगलंच लागत होतं. ‘मी स्वतः फरक ऐकला आहे’ असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांनी फरक ऐकलेलाच असतो, फक्त तो दोन फॉरमॅटमधला नसून दोन वेगवेगळ्या प्रतींमधला असतो. शिवाय दोन प्रतींपैकी एक अगदी किंचित मोठ्याने वाजत असेल, तरी कान तिला मोठी न म्हणता ‘जास्त खुली’, ‘जास्त जिवंत’ म्हणतो. दुकानात प्रात्यक्षिक दाखवणाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते.

आता गाडी. सपाट रस्त्यावर ताशी ८०-१०० किलोमीटरने जाणाऱ्या साध्या मोटारीच्या आत ६५ ते ७० डेसिबलचा गोंगाट असतो; मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर टायर आणखी ओरडतात. फार वेळ सोसवणार नाही इतक्या जोरात, म्हणजे ९५ डेसिबलपर्यंत आवाज चढवला, तरी संगीताच्या वाट्याला उरले २५ ते ३० डेसिबल. सीडीच्या १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मावतो आणि ‘हाय-रेझ’च्या २४ बिटांत १४४ चा. ज्या जागी तिसाचीच सोय आहे तिथं ९६ की १४४ हा वाद कशासाठी? इलेक्ट्रिक गाडी शांत असते, असं कोणी म्हणेल. सिग्नलला ती शांत असते हे खरं, पण वेग वाढला की मुख्य गोंगाट इंजिनाचा राहतच नाही, टायरचा आणि वाऱ्याचा होतो, आणि तो बॅटरीवर चालणाऱ्या गाडीलाही चुकत नाही. महागड्या गाड्यांत जाड काचा आणि रबराचे पट्टे लावून पाच-सहा डेसिबल कमी करतात. ती कमाई मोठी आहे. कुठल्याही फाइलच्या दर्जापेक्षा मोठी आहे. पण तिनेही १४४ चा पल्ला हाती येत नाही.

हा गोंगाट सगळ्या पट्ट्यांत सारखा पसरलेला नसतो, बहुतेक सगळा खालच्या पट्टीत असतो. म्हणून धावत्या गाडीत पहिल्यांदा बुडतो तो तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज; टाळ आणि गळ्यातली फिरत वर तरंगत राहते. बास वाढवायची इच्छा प्रत्येक चालकाला होते ती यामुळेच, आणि ती फारशी अरसिकपणाची नाही. मात्र एमपी३चा हिशेब जो धरलेला असतो, तो ‘गाणं आहे तसं वाजेल’ असं गृहीत धरूनच. इक्वलायझरवर एखादी पट्टी फार उचलली किंवा स्टीरिओतला ‘थ्रीडी सराउंड’ चालू केला, तर शेजारच्या सुरामागे लपवून ठेवलेली घाण उघडी पडू शकते. कमी बिटरेटच्या फाइलीत हे सहज जाणवतं, २५६-३२० मध्ये क्वचित. फ्लॅकच्या बाजूने मांडता येण्याजोगा हा त्यातल्या त्यात वजनदार मुद्दा आहे, आणि त्याचा सरळ उपाय सराउंडचं बटण बंद करणं हा आहे.

मग काय, कोणतीही फाइल चालेल? मुळीच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा न्याय डिजिटल संगीताला जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. यूट्यूबवरचं गाणं उतरवून ‘३२० एमपी३’ करून देणाऱ्या साइट घराघरांत वापरल्या जातात. यूट्यूबवर आवाज बहुधा १२८ किलोबिट एएसी किंवा त्याच्या आसपासच्या ओपसमध्ये असतो. म्हणजे एकदा काटछाट झालेला माल पुन्हा काटछाट करून मोठ्या पिशवीत भरला, एवढंच ‘३२०’ या आकड्याने होतं. शिवाय ज्याने तो यूट्यूबवर चढवला, त्याने स्वतः कुठल्या एमपी३वरून चढवला होता हे कोणाला माहीत? नाक्यावर मिळणाऱ्या ‘हजार सदाबहार गाणी’ छापाच्या पेनड्राइव्हची हीच गत. आणि २००० नंतरच्या दशकात दुकानांत जी ‘एमपी३ सीडी’ मिळायची, जीवर एकाच चकतीत पन्नास-शंभर गाणी असत, तीही दिसायला सीडी असली तरी आत एमपी३च आहे. तिचं फ्लॅक करून ठेवलं तर फक्त जागा अडेल. संशय आला तर ‘स्पेक’ नावाचा एक फुकट प्रोग्रॅम फाइलमधल्या पट्ट्यांचं चित्र काढून दाखवतो. फ्लॅक म्हणून मिळालेल्या आजकालच्या गाण्याचं चित्र १६ हजार हर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखं सरळ तुटलेलं दिसलं, तर ती बहुधा १२८ ची पोरगी आहे, नाव बदलून आलेली.

बिटरेटचा आकडाही एकट्याने काही सांगत नाही. १९९९ मध्ये घाईत केलेली १२८ ची फाइल आणि आज ‘लेम’सारख्या वर्षानुवर्षं सुधारत गेलेल्या एन्कोडरने केलेली १२८ ची फाइल, आकडा तोच असून ऐकायला वेगळ्या असतात. ‘एमपी३ जुना झाला’ ही तक्रार या दृष्टीने अर्धीच खरी. त्याच बिटरेटला एएसी त्याच्यापेक्षा सरस ठरतो, विशेषतः १२८ च्या आसपास. पण ३२० ला पोचेपर्यंत ही शर्यत संपलेली असते, आणि एमपी३ दहा-पंधरा वर्षं जुन्या स्टीरिओतही निमूटपणे वाजतो.

जुन्या ध्वनिमुद्रणांचा मामला जरा निराळा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरच्या नाट्यसंगीतात वरच्या पट्ट्या मुळातच नाहीत. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीच्या तबकड्यांत तर फारच थोड्या. त्यांच्या ‘हाय-रेझ’ फाइली म्हणजे नसलेल्या गोष्टीची काळजीपूर्वक केलेली नोंद. पण म्हणून त्यांना कमी बिटरेट पुरेल असं समजणं हीही चूक आहे. तबकडीची खरखर हा निव्वळ अनियमित आवाज असतो, आणि अनियमित गोष्टीची घडी घालणं सगळ्यात अवघड. कमी बिटरेटमध्ये एन्कोडर त्या खरखरीच्या मागे बिट उधळतो आणि गाणाऱ्याचा गळा उपाशी राहतो. बालगंधर्वांच्या तबकड्यांवरून केलेल्या कितीतरी फाइलींत आवाजाभोवती जो किरकिरा, हलता पडदा जाणवतो, त्याला तबकडीइतकाच हा प्रकार कारणीभूत असू शकतो. अशा संग्रहाला फॉरमॅटपेक्षा, तबकडी कोणी, कोणत्या सुईने आणि किती संयमाने साफ करून उतरवली, हे विचारलेलं बरं. खरखर काढण्याच्या उत्साहात सुराची धारही तासून टाकलेल्या प्रती बाजारात कमी नाहीत. त्यांच्यापेक्षा खरखरीसकटची प्रत शंभरदा चांगली.

फाइल चांगली आहे असं धरून चालू. ती स्पीकरपर्यंत कशी पोचते? बहुतेकांच्या गाडीत ब्लूटूथने. गाण्यासाठीच्या ब्लूटूथमध्ये एसबीसी नावाचा आवळण्याचा प्रकार सक्तीचा आहे. त्याचा नेहमीचा वरचा दर्जा ३२८ किलोबिटचा, पण तो एमपी३इतका हुशार नाही, आणि काही स्टीरिओ त्याहूनही खालच्या दर्जावर तडजोड करतात. आयफोन एसबीसी किंवा एएसी यांपैकी एकच पाठवतो. अँड्रॉइडवर सोनीचं एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत जातं, पण स्टीरिओलाही ते यावं लागतं, आणि गाडीसोबत कंपनीने दिलेल्या साध्या स्टीरिओंपैकी पुष्कळांना ते येत नाही. म्हणजे तुम्ही हौसेने १,४११ किलोबिटची फाइल लावता, फोन ती उलगडतो, तीत नोटिफिकेशनचे आवाज मिसळतो, आणि पुन्हा आवळून तीनशेच्या घरात पाठवतो. फ्लॅकची जादू फोनच्या बाहेरच पडत नाही. यूएसबी केबलने जोडलेलं कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो या भानगडीतून सुटतं. बिनतारी कारप्लेही गाणी वायफायवरून नेतं, ब्लूटूथवरून नाही. पेनड्राइव्ह तर थेट स्टीरिओतच उलगडतो. ऑक्स केबल असेल तर तीही चांगली, फक्त फोन त्याच गाडीच्या सॉकेटवर चार्ज होत असताना एक्सलरेटरबरोबर चढत जाणारी शिटी ऐकू आली, तर तो दोष अल्टरनेटरच्या विजेचा आहे, गाण्याचा नाही. मधे घालायचा आयसोलेटर स्वस्तात मिळतो. सगळ्यात वाईट वाट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायच्या एफएम ट्रान्समीटरची. एफएममध्ये १५ हजार हर्ट्झच्या वरचं काही जातच नाही, आणि शहरात मोकळी फ्रीक्वेन्सी सापडणं मुश्कील.

पेनड्राइव्हचे स्वतःचे काही हट्ट आहेत. पुष्कळ स्टीरिओ फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात. काही स्टीरिओ गाणी नावाच्या क्रमाने न लावता, ज्या क्रमाने कॉपी केली त्याच क्रमाने वाजवतात. बदलत्या बिटरेटच्या एमपी३ची वेळ काही जुने स्टीरिओ चुकीची दाखवतात, आणि देवनागरी नावांच्या जागी चौकोन येतात. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना याहून छळणारी गोष्ट म्हणजे फट. एमपी३च्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटतेच, आणि ती कापून टाकण्याची अक्कल साध्या स्टीरिओला नसते. एकाच मैफलीतला विलंबित ख्याल आणि द्रुत बंदीश दोन फाइलींत असतील, तर सम गाठायच्या ऐन क्षणी गाणं तुटतं. फ्लॅकला ही फट मुळात नसते. किंवा मग एमपी३च करायची तर मैफल अख्खी एका फाइलीत करावी.

माझं एक मत शुद्धतावाद्यांना पटणार नाही, ते सांगून टाकतो. ख्यालाचा आरंभ आणि अखेर यांत आवाजाचं जे अंतर असतं, ते घरात गाण्याचं वैभव असतं. धावत्या गाडीत तीच अडचण होते. आलाप ऐकू यावा म्हणून आवाज वाढवायचा आणि तराणा सुरू झाला की दचकून कमी करायचा, हे रस्त्यावर नजर ठेवून करण्याचं काम नव्हे. गाडीसाठी मुद्दाम आवाजाची ही दरी थोडी बुजवलेली प्रत करून ठेवायला काहीच हरकत नाही, आणि स्टीरिओत वेगानुसार आवाज आपोआप वाढवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. वेगवेगळ्या काळातल्या गाण्यांची पातळी सारखी करायला ‘एमपी३गेन’सारखा प्रोग्रॅम आहे, तो फाइल पुन्हा आवळत नाही, नुसती पातळीची नोंद बदलतो. नव्या चित्रपटगीतानंतर १९५० च्या दशकातलं भावगीत लागलं की जो अचानक सन्नाटा पडतो, त्यावर हा उपाय कुठल्याही ‘हाय-रेझ’हून गुणकारी आहे.

राहिला स्पीकर, आणि खरं तर पैसे तिथंच घालावेत. दाराच्या पत्र्याला अडकवलेला, गुडघ्याकडे तोंड केलेला कागदी कोनाचा स्पीकर पोकळ पत्र्यासकट थरथरत असतो. त्यामागे डॅम्पिंग शीट चिकटवून पत्र्याची खडखड थांबवली, की बास इक्वलायझरशिवाय भरतो, आणि बाहेरचा गोंगाटही थोडा घटतो. चालक मधोमध बसत नाही हा दुसरा दोष. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. उजवा स्पीकर डाव्यापेक्षा तेवढा जरी जवळ असला, तरी गाणारा काचेसमोर न बसता दारात जाऊन बसतो. चांगल्या स्टीरिओत जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावण्याची सोय असते, बहुतेक ठिकाणी ‘टाइम अलाइनमेंट’ या नावाने. टेप घेऊन अंतर मोजलं की दहा मिनिटांचं काम. गाड्या विकत घेऊन पाच-पाच वर्षं झाली तरी हा मेन्यू न उघडलेले कितीतरी लोक असतील.

आता ते दोन ओळींचं उत्तर. घरातल्या सीडी कपाटात पडून असतील तर त्या आजच फ्लॅकमध्ये उतरवून घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, कारण त्यातून उद्या कोणताही फॉरमॅट करता येतो. गाडीसाठी त्यावरून २५६ एएसी किंवा ३२० एमपी३ करा, आणि स्टीरिओ फ्लॅक वाचत असेल तर हा खटाटोपही नको. ३२० ची एक तासाची मैफल १४४ एमबी जागा घेते, म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर चारशेहून अधिक तास मावतात. फ्लॅक केलं तरी दीड-दोनशे तास. एवढं ऐकून होईपर्यंत गाडीची सर्व्हिसिंग दोनदा होऊन जाईल. आणि कोणी ‘हाय-रेझ’च्या नावाखाली नवा स्टीरिओ गळ्यात मारू लागला, तर त्याला एकच सांगा: माझ्याच गाडीत, माझ्याच ओळखीचं गाणं, एकाच मूळ प्रतीवरून केलेल्या दोन फाइलींत, कोणती वाजतेय हे न सांगता दहा वेळा लावून दाखव. दहापैकी नऊ वेळा ओळखता आलं तर घ्या. नाही आलं, तर ते पैसे स्पीकरला आणि डॅम्पिंग शीटला घाला.